पेन ड्राइव्ह सापडतो, पण एक्स्टर्नल हार्ड डिस्क प्रोग्रॅमला दिसतच नाही: नेहमीचा प्रॉब्लेम आणि त्यावरचे उपाय

तक्रार दरवेळी जवळपास सारखीच असते. प्रोग्रॅम लिहिला, पेन ड्राइव्ह लावला, तो लगेच लिस्टमध्ये आला, सगळे खूश. मग गिऱ्हाईक स्वतःची दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन येतं आणि ती काही केल्या दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये ती झकास उघडते, फोटो कॉपी होतात, नुसत्या आपल्या प्रोग्रॅमलाच ती दिसत नाही. मग कोणी सांगतं केबल बदला, कोणी म्हणतं ड्रायव्हर टाका, कोणी म्हणतं राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, आणि यातल्या कशानेच काही होत नाही, कारण डिस्क ठणठणीत असते, आपण विंडोजला विचारलेला प्रश्नच भलता असतो.

मी फोटो स्टुडिओवाल्यांसाठी कार्ड आणि डिस्कवरून कॉपी-बॅकअप घेणारी छोटी सॉफ्टवेअरं करून देतो, त्यामुळे हा प्रकार माझ्या रोजच्या बघण्यातला आहे. लग्नसराईत तर एका टेबलावर तीन कार्ड रीडर, दोन एसएसडी, कोणाचा तरी मोबाइल आणि एक जुनी ॲडॅप्टरवाली मोठी डिस्क असं सगळं एकदम लागलेलं असतं आणि त्यातलं बाहेरचं कुठलं, आतलं कुठलं हे प्रोग्रॅमने स्वतः ओळखायचं असतं. खाली बहुतेक विंडोजचंच आहे, कारण आपल्याकडे दुकानात विंडोजच असतं, पुढे लिनक्सचंही थोडं आहे.

आधी खात्री करा की प्रॉब्लेम प्रोग्रॅमचाच आहे

हे पटकन उरकूया. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क दिसतच नसेल तर कोडला हात लावू नका, केबल, पोर्ट, पॉवर बघा. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायचं असं ठरलेलं आहे, त्यामुळे पुढच्या स्वस्त हबवर हार्ड डिस्क टिकटिक करून बंद पडत असेल तर मागच्या पोर्टला लावून बघा. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, हाही एक कायमचा चकवा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क आहे पण तिला ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं) नाही, असं असेल तर कारणं मोजकी असतात. कधी फॉरमॅट विंडोजला न कळणारा असतो (लिनक्सची डिस्क), कधी त्या मशीनवर कोणीतरी ऑटोमाउंट (नव्या डिस्कला आपोआप अक्षर देणं) बंद करून ठेवलेलं असतं, आणि कधी डिस्क क्लोन केलेली असते. क्लोनची गंमत अशी की मूळ आणि नक्कल दोन्हींची डिस्क सिग्नेचर (डिस्कवर लिहिलेला ओळखीचा नंबर) एकच असते, मग दोन्ही एकदम लावल्या की दुसरीला विंडोज ऑफलाइन करून ठेवतं आणि तुमचा प्रोग्रॅम बिचारा काय करणार. तिथेच राइट क्लिक करून ऑनलाइन करा, फक्त एवढं लक्षात ठेवा की ऑनलाइन करताना तिची सिग्नेचर बदलते, त्यामुळे ती बूट डिस्कची नक्कल असेल तर आधी विचार करा.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही आहे, अक्षरही आहे, एक्सप्लोररमध्ये उघडतेय आणि तरी प्रोग्रॅममध्ये नाही, असं असेल तर पुढे वाचा.

खरं कारण: 'रिमूव्हेबल' हा फिल्टर

शंभरातल्या बहुतेक कोडमध्ये हेच असतं. सी-शार्पवाले ड्राइव्ह-इन्फो मधून सगळे ड्राइव्ह काढतात आणि ड्राइव्ह-टाइप 'रिमूव्हेबल' आहे का बघतात, पायथनवाले पीएसयूटिल या लायब्ररीच्या डिस्क-पार्टिशन्स मध्ये ऑप्शन्सच्या स्ट्रिंगमध्ये 'रिमूव्हेबल' शोधतात, जावावाले फाइल-स्टोअरला 'इज-रिमूव्हेबल' विचारतात. वरून तिन्ही वेगळं दिसलं तरी खाली विंडोजचं एकच फंक्शन आहे, गेट-ड्राइव्ह-टाइप. ते एक आकडा देतं: २ म्हणजे रिमूव्हेबल, ३ म्हणजे फिक्स्ड, ४ नेटवर्क, ५ सीडी-डीव्हीडी, ६ रॅम डिस्क, आणि ० किंवा १ आलं तर काही कळलं नाही किंवा त्या अक्षरावर काही नाहीच.

आता हे २ की ३ कुठून ठरतं ते बघा. यूएसबी स्टोरेज आतून स्कझीच्या (डिस्कशी बोलायच्या जुन्या कमांडच्या) भाषेत बोलतं. डिस्क लावली की विंडोज तिला 'इन्क्वायरी' नावाची कमांड पाठवतं आणि उत्तरातल्या पहिल्या नंबरच्या बाइटचा (शून्यापासून मोजून) सगळ्यात वरचा बिट सांगतो की मीडिया निघतो की नाही. इथे मीडिया म्हणजे डिव्हाइसच्या आत बसणारी वस्तू. कॅसेट प्लेअरमधून कॅसेट निघते का एवढंच तो बिट सांगतो, प्लेअर उचलून घरी नेता येतो का याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कार्ड रीडरमधून कार्ड निघतं, म्हणून तो रिमूव्हेबल. पेन ड्राइव्हमधून काहीच निघत नाही, पण बनवणारे बहुतेक करून हा बिट चालू ठेवतात, म्हणून तोही रिमूव्हेबल. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एसएसडी खरं तेच सांगते, की माझ्यातून काही निघत नाही, आणि विंडोज तिला ३ देतं, म्हणजे तुमच्या सी ड्राइव्हच्या पंगतीत बसवतं.

आणि उलटंही होतं. काही जलद पेन ड्राइव्ह, खास करून विंडोज-टू-गो (पेन ड्राइव्हवरूनच विंडोज चालवायची जुनी सोय) साठी सर्टिफाय झालेले, मुद्दाम हा बिट बंद ठेवून येतात. म्हणजे 'सगळे पेन ड्राइव्ह सापडतात, हा एकच सापडत नाही' असं कोणी म्हटलं तरी तो पीस खराब नाही, तो फक्त फिक्स्ड आहे.

त्यामुळे टाइप २ वर फिल्टर लावून बाहेरचं स्टोरेज कधीच पूर्ण सापडणार नाही. ३ सुद्धा घेतला तर सी, डी सगळं त्यात येतं, सबस्टने (फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड) बनवलेलं खोटं अक्षरही येतं. मी असे प्रोग्रॅम बघितलेत ज्यात 'फिक्स्ड पण सी नाही' असा जुगाड केलेला असतो, आणि मग ज्याच्या मशीनमध्ये डी पार्टिशन आहे त्याच्याकडे आतल्या डी वरचाच बॅकअप 'बाहेर' म्हणून डी वर जाऊन बसतो. बॅकअप घेतल्याचं समाधान मिळतं, बॅकअप नसतो.

मग विचारायचं काय? बस कुठली आहे ते विचारा

बस म्हणजे डिस्क ज्या जोडणीवरून बोलते ती. डिस्क कुठल्या वायरीने जोडलीय हा प्रश्न विचारला की गोंधळ जवळजवळ संपतो. त्यासाठी डिव्हाइस-आयओ-कंट्रोल नावाचं फंक्शन आहे आणि त्यात 'स्टोरेज क्वेरी प्रॉपर्टी' हा कोड द्यायचा, दशमानात २९५४२४०. हे पायथनच्या सी-टाइप्स मधूनही होतं, बाहेरची लायब्ररी लागत नाही.

पहिलं काम व्हॉल्यूमचं (अक्षर मिळालेल्या भागाचं) हँडल उघडणं, हँडल म्हणजे त्याच्याशी बोलायला विंडोजने दिलेला टोकन. पाथ असा लिहायचा: दोन बॅकस्लॅश, टिंब, एक बॅकस्लॅश, मग ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन. बास. कोलनच्या पुढे अजून एक बॅकस्लॅश टाकला की तुम्ही व्हॉल्यूम न उघडता त्याचा रूट फोल्डर उघडायला जाता आणि फेल होतं, आणि सवयीने सगळे तो टाकतातच कारण गेट-ड्राइव्ह-टाइपला तो लागतो. दुसरं, ॲक्सेसच्या जागी शून्य द्या. रीड मागितला की ॲडमिन परवानगी लागते, शून्य दिला तर डिस्कवरचा डेटा वाचता येत नाही पण माहिती विचारता येते, आणि आपल्याला तेवढंच हवंय. 'ॲडमिन म्हणून चालवलं की चालतं, नाहीतर नाही' अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा इथेच रीड मागितलेलं असतं. शेअर मोडमध्ये मात्र रीड आणि राइट दोन्ही द्या, नाहीतर दुसऱ्या कोणी डिस्क उघडलेली असेल तर तुम्हाला एरर येणार.

इनपुट म्हणून बारा बाइट, सगळे शून्य. हो, खरंच, कारण प्रॉपर्टीचा आयडीही शून्य आणि क्वेरीचा प्रकारही शून्य. आउटपुटला हजारभर बाइटचा बफर द्या. परत आलेल्या बफरमध्ये १० व्या ऑफसेटला (सुरुवातीपासून दहा बाइट पुढे) तोच मघाचा रिमूव्हेबल वाला बाइट असतो, २४ व्या ऑफसेटला सीरियल नंबर कुठे आहे त्याचा ऑफसेट असतो (शून्य असेल तर सीरियल दिलेलाच नाही), आणि २८ व्या ऑफसेटला चार बाइटमध्ये बस टाइप. ७ म्हणजे यूएसबी, ११ म्हणजे साटा (आतल्या डिस्कची नेहमीची जोडणी), १२ एसडी कार्ड, १३ एमएमसी, १५ म्हणजे फाइलमधून माउंट केलेली व्हीएचडी (खोटी डिस्क), १७ म्हणजे एनव्हीएमई (जलद एसएसडीची जोडणी). ७ आला की बाहेरची, काम झालं.

पायथनवाल्यांसाठी एक सूचना, क्रिएट-फाइल (हँडल उघडणारं फंक्शन) चा रेस-टाइप, म्हणजे परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार, हँडल म्हणून स्पष्ट सांगा. नाही सांगितला तर सी-टाइप्स त्याला बत्तीस बिटचा इंटिजर समजतं आणि ६४ बिटवर कधी चालतं कधी नाही असले भुताटकीचे बग येतात.

आता हे शंभर टक्के आहे का, तर नाही. थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ च्या महागड्या एन्क्लोजरमध्ये (डिस्क बसवायच्या डबीत) एनव्हीएमई एसएसडी थेट पीसीआय वरून जोडली जाते, तिथे बस १७ येतो, म्हणजे आतल्या एसएसडीसारखाच. तिथे मायक्रोसॉफ्टने सांगितलेला दुसरा रस्ता वापरायचा, सेटअप-एपीआय मधून त्या डिव्हाइसची 'रिमूव्हल पॉलिसी'. १ म्हणजे ही निघणार नाही, २ म्हणजे सांगून निघेल, ३ म्हणजे कधीही उपटली जाऊ शकते. पण एकट्या याच्यावरही विसंबू नका, कारण काही मदरबोर्डवर साटा पोर्ट हॉट-प्लग म्हणून सेट असतात आणि आतली डिस्कसुद्धा निघणारी म्हणून दिसते. (टास्कबारच्या 'सेफली रिमूव्ह' मध्ये स्वतःचीच आतली एसएसडी बघून घाबरलेले लोक मला भेटलेत.) माझा नियम सोपा आहे: बस यूएसबी किंवा एसडी असेल तर घ्या, एनव्हीएमई असेल आणि पॉलिसी ३ असेल तर घ्या, साटा असेल तर यूजरला विचारा. आणि ज्या डिस्कवर विंडोज स्वतः आहे ती काहीही झालं तरी लिस्टमध्ये आणू नका.

डब्ल्यूएमआय वापरताय? मग यूएएसपी मध्ये अडकाल

डब्ल्यूएमआय म्हणजे मशीनची माहिती क्वेरीने विचारायची विंडोजची सोय. नेटवर सर्वात जास्त सापडणारं उत्तर हे की विन-३२-डिस्क-ड्राइव्ह ला क्वेरी मारा आणि इंटरफेस-टाइप 'यूएसबी' असलेले घ्या. पेन ड्राइव्ह आणि जुन्या डिस्कना ते चालतं. पण आता नव्या एसएसडी आणि एन्क्लोजर बहुतेक यूएएसपी (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, जलद पद्धत) वापरतात, विंडोज ८ पासून त्याचा वेगळा ड्रायव्हर आहे, आणि त्या ड्रायव्हरवर चाललेल्या डिस्कचा इंटरफेस-टाइप डब्ल्यूएमआयमध्ये 'स्कझी' असा येतो. म्हणजे तीच एसएसडी यूएएसपी नसलेल्या जुन्या एन्क्लोजरमध्ये घातली तर सापडते, नव्यात घातली तर गायब, आणि माणूस डोकं धरून बसतो. वरच्या बस टाइपच्या पद्धतीत किंवा पॉवरशेलच्या गेट-डिस्क मध्ये तिचा बस यूएसबीच येतो, म्हणून तेच वापरा.

आणि प्रोग्रॅममधून डब्ल्यूएमआयसी ही डब्ल्यूएमआयची कमांड चालवून तिचं टेक्स्ट आउटपुट फोडत बसला असाल तर ते आजच बदला. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये ती मुळात चालू नसते, वेगळी टाकावी लागते. 'नवीन लॅपटॉपवर सॉफ्टवेअरला एकही ड्राइव्ह दिसत नाही' असं कोणी सांगितलं की मी पहिलं हेच विचारतो.

डिस्कपासून अक्षरापर्यंत पोचायला डब्ल्यूएमआयमध्ये डिस्क, मग पार्टिशन, मग लॉजिकल डिस्क अशी साखळी चालावी लागते, तीही हळू आहे. मी उलटा चालतो, अक्षरांपासून सुरू करून प्रत्येकाला बस विचारतो. गेट-लॉजिकल-ड्राइव्ह्ज एका आकड्यात सगळी अक्षरं देतं, सगळ्यात खालचा बिट म्हणजे ए, पुढचा बी, तिसरा सी.

डिस्क लावल्याचं कळतं, पण उघडायला गेलं की एरर

हा दुसरा वर्ग. डिस्क लावल्याचा मेसेज येतो, प्रोग्रॅम लगेच कॉपी सुरू करतो आणि 'डिव्हाइस तयार नाही', म्हणजे एरर २१. मेसेज आला याचा अर्थ डिव्हाइस आलं. व्हॉल्यूम माउंट व्हायला, जुनी हार्ड डिस्क फिरायला लागायला अजून दोन-चार सेकंद जाऊ शकतात, आणि बिटलॉकरची डिस्क असेल तर यूजर पासवर्ड टाकेपर्यंत ती बंदच. म्हणून मेसेज आला की अर्ध्या-एक सेकंदाच्या अंतराने पंधरा-वीस सेकंद प्रयत्न करत राहा आणि मधल्या काळात स्क्रीनवर 'डिस्क सापडली, तयार होतेय' असं दाखवा, नाहीतर माणूस घाईत ती काढून परत लावतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एरर १००५ आला तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, फाइल सिस्टिम ओळखताच आली नाही असा त्याचा अर्थ.

रिकाम्या कार्ड रीडरचा वेगळा त्रास. त्यात कार्ड नसलं तरी अनेक रीडर अक्षर धरून बसतात, टाइपही २ येतो, बसही ७ येतो, आणि हात लावला की काही मशीनवर 'ड्राइव्हमध्ये डिस्क नाही' असा डायलॉग उभा राहतो जो प्रोग्रॅमच्या मागे लपून बसतो आणि सगळं हँग झाल्यासारखं वाटतं. सुरुवातीलाच सेट-एरर-मोड ला १ द्या, डायलॉग बंद होतो आणि एरर कोड सरळ तुमच्याकडे येतो. सी-शार्पमध्ये कुठलीही प्रॉपर्टी वाचायच्या आधी इज-रेडी बघा, न बघता व्हॉल्यूम-लेबल वाचलं की एक्सेप्शन ठरलेलं.

मेसेजच येत नाही

विंडोज नवीन डिव्हाइसची बातमी डिव्हाइस-चेंज या मेसेजने देतं, नंबर ५३७. त्यात ३२७६८ म्हणजे आलं, ३२७७२ म्हणजे गेलं. ७ पण येतो, तो म्हणजे 'कुठेतरी काहीतरी बदललं', आणि तो एका पेन ड्राइव्हला धडाधड अनेकदा येतो, त्याच्यावर काम सुरू करू नका.

व्हॉल्यूमची बातमी विंडोज सगळ्या टॉप-लेव्हल खिडक्यांना आपणहून देतं. मेख अशी की पायथन किंवा सी मध्ये लोक फक्त मेसेज घेण्यासाठी 'मेसेज-ओन्ली' खिडकी बनवतात आणि असल्या खिडकीला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. एक साधी खिडकी बनवा आणि ती दाखवू नका, एवढंच. किंवा रजिस्टर-डिव्हाइस-नोटिफिकेशन करा, मग मेसेज-ओन्ली खिडकीही चालते. आणि प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालत असेल तर खिडकीचा नाद सोडा, सर्व्हिसचं हँडल देऊन रजिस्टर करा, बातमी सर्व्हिसच्या कंट्रोल हँडलरमध्ये येते.

मेसेजबरोबर अक्षरांचा बिट-मास्क येतो, त्यात एकाहून जास्त बिट असू शकतात, म्हणून पहिला सापडला की लूप तोडू नका. दोन पार्टिशनची डिस्क दोन वेगळे मेसेजही देऊ शकते. पेन ड्राइव्हवर दोन पार्टिशन केलेत आणि एकच दिसतंय असं असेल तर विंडोजचं व्हर्जन बघा, रिमूव्हेबल डिस्कची एकाहून जास्त पार्टिशनं विंडोज १० च्या १७०३ पासून दिसायला लागली, आधी फक्त पहिलंच दिसायचं.

एवढं सगळं नको असेल तर दर दोन सेकंदांनी अक्षरांचा आकडा घ्या आणि मागच्याशी ताडून बघा. लोक याला नावं ठेवतात, पण ते फंक्शन इतकं हलकं आहे की छोट्या टूलला हेच पुरतं. फक्त रीडरमध्ये कार्ड घातल्या-काढल्याचं यातून कळत नाही, अक्षर तेच राहतं.

मोबाइल दिसत नाही

दिसणारच नाही. अँड्रॉइड फोन एमटीपी वर (एकेक फाइल मागायची वेगळी पद्धत) बोलतो, त्याला अक्षर मिळत नाही, व्हॉल्यूमही नाही. त्याच्यासाठी विंडोज पोर्टेबल डिव्हाइसेस नावाची वेगळी एपीआय आहे, काम करते पण जीव खाते. मी सरळ सांगतो, फोनमधले फोटो आधी फोल्डरमध्ये घ्या.

ही कालचीच डिस्क का दुसरी?

अक्षरावर कधीच विसंबू नका, आज ई असेल ती उद्या एफ होईल. व्हॉल्यूम सीरियल बरा, पण तो फॉरमॅट केला की बदलतो आणि सेक्टर-टू-सेक्टर क्लोनमध्ये जसाच्या तसा जातो. हार्डवेअर सीरियल सर्वात पक्का वाटतो, पण स्वस्तातल्या पेन ड्राइव्हमध्ये तो नसतो किंवा एकाच गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा सारखा असतो. सीरियल नसला की विंडोज स्वतः एक नंबर बनवून देतं, आणि त्याचा दुसरा कॅरॅक्टर 'अँड'चं चिन्ह असतो, त्यावरून ओळखा. असा नंबर पोर्टवर अवलंबून असतो, पेन ड्राइव्ह शेजारच्या पोर्टला लावला की 'नवीन डिस्क' होतो. बॅकअपच्या डिस्कवर मी स्वतःची एक छोटी लपलेली फाइल ठेवतो, त्यात एक यूयूआयडी (कुठेच पुन्हा न येणारा लांब नंबर), आणि ताडताना ती आणि व्हॉल्यूम सीरियल दोन्ही बघतो.

लिनक्सवाल्यांसाठी

इथेही पहिला खड्डा तोच. /सिस/ब्लॉक/एसडीबी/रिमूव्हेबल या फाइलमध्ये पेन ड्राइव्हला १ आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कला ० असतो, कारण बिट तोच आहे, फक्त ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. मग लोक यूडेव्हच्या (लिनक्समध्ये डिव्हाइसांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) आयडी-बस कडे जातात आणि तिथे अजून एक विनोद होतो: यूएसबी-साटा ब्रिज (एन्क्लोजरमधली चिप) जर एटीए, म्हणजे साटा डिस्कच्या स्वतःच्या, कमांड पुढे पाठवत असेल तर आयडी-बस मध्ये 'यूएसबी' ऐवजी 'एटीए' येतं. खात्रीचा मार्ग म्हणजे /सिस/ब्लॉक मधल्या लिंकचा खरा पाथ काढा आणि त्यात कुठे 'यूएसबी' असा टप्पा येतो का बघा. एलएसबीएलके या कमांडला ट्रान (जोडणीचा प्रकार) आणि हॉटप्लग हे दोन कॉलम मागूनही काम भागतं, आणि जेसॉन मध्ये आउटपुट मिळतो, स्पेस मोजून कॉलम फोडत बसायची गरज नाही.

स्पेसवरून आठवलं. /प्रॉक/माउंट्स वाचत असाल तर नावातली स्पेस तिथे स्पेस म्हणून येत नाही, बॅकस्लॅश आणि ०४० असं लिहून येतं. विंडोजवर फॉरमॅट केलेल्या डिस्कचं नाव 'न्यू व्हॉल्यूम' असतंच, आणि मग 'डिस्क सापडते पण फोल्डर अस्तित्वात नाही' असा एरर. ते परत स्पेसमध्ये बदलून घ्या.

पायूडेव्हने (यूडेव्हची पायथन लायब्ररी) 'ॲड' इव्हेंट पकडला तरी तेव्हा डिस्क माउंट झालेली नसते. माउंट करण्याचं काम डेस्कटॉपवर यूडिस्क्स करतं आणि तेही थोड्या वेळाने, उबंटूत /मीडिया खाली, फेडोरात /रन/मीडिया खाली, म्हणून पाथ हार्डकोड करू नका, /प्रॉक/सेल्फ/माउंट-इन्फो वर पोल लावून बदलाची वाट बघा. कार्ड रीडरमध्ये कार्ड घातलं तर 'ॲड' ऐवजी 'चेंज' येतो, तोही ऐका. रास्पबेरी पाय ची लाइट सिस्टिम किंवा सर्व्हर असेल तर कोणीच माउंट करत नाही, तुम्हालाच करावं लागतं, आणि ते यूडेव्हच्या रूलमधल्या रन ओळीत करू नका, यूडेव्हचा डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत, चालतो, तिथे केलेलं माउंट बाकीच्यांना दिसत नाही. रूलमधून सिस्टिमडीची (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस चालू करा आणि माउंट तिथे करा.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मध्ये पेन ड्राइव्ह शोधणाऱ्यांनी थांबावं, ती आत एक वेगळी मशीन आहे आणि यूएसबी तिच्यापर्यंत आपोआप जात नाही. फाइलीच हव्या असतील तर डीआरव्हीएफएस ने ते अक्षर माउंट करा, डिव्हाइसच हवं असेल तर यूएसबीआयपीडी लागेल.

डिस्क काढताना 'वापरात आहे'

शोधण्याचं जमलं की पुढच्याच आठवड्यात ही तक्रार येते. प्रोग्रॅमने काम संपवलंय, तरी विंडोज डिस्क सोडू देत नाही. बस विचारायला उघडलेलं हँडल बंद केलंय का बघा. सी-शार्पमध्ये फाइल-सिस्टिम-वॉचर त्या ड्राइव्हवर लावलेला असेल तर तोही हँडल धरून बसतो. आणि सगळ्यात छुपा म्हणजे वर्किंग डिरेक्टरी: फाइल निवडायच्या डायलॉगमधून यूजर ई ड्राइव्हवर गेला की काही वेळा प्रोग्रॅमची वर्किंग डिरेक्टरी तिथेच राहते, काम झालं की ती सी वर परत आणा. नीट करायचं तर उघडलेलं हँडल देऊन नोटिफिकेशन रजिस्टर करा, मग डिस्क काढायच्या आधी ३२७६९ चा मेसेज येतो, तो आला की हँडल बंद करून 'हो' म्हणा.

टेस्ट करायला माझ्या ड्रॉवरमध्ये एक साधा पेन ड्राइव्ह, एक जुनी हार्ड डिस्क, एक यूएएसपी एसएसडी, एक रिकामा कार्ड रीडर आणि एक बिटलॉकर लावलेली डिस्क कायम पडलेली असते. हे नाही म्हणून व्हीएचडी माउंट करून टेस्ट करायला जाऊ नका, तिचा बस १५ येतो आणि वरच्या नियमात ती बसतच नाही.